कुळाची दोरी

“पण गुरुजी, इंग्रजीत कुळाचं नाव जोडून लिहायचं, की तोडून?”

जाकदानने कुळाच्या म्हाताऱ्या गुरुजींना, सेंगेंना, हे पुन्हा विचारलं.

जाकदान चीनच्या ईशान्येकडच्या मांचू लोकांपैकी, चांगला शिकलेला, आणि हट्टाला पेटला की देवाचंही न ऐकणारा. घराण्याचा इतिहास तो इंग्रजीत लिहीत होता. ‘इर्गेनग्योरो’ एकसंध लिहायचं, असं त्याचं म्हणणं. धाकटा भाऊ हाइलान म्हणे, छे, ‘इर्गेन’ वेगळं आणि ‘ग्योरो’ वेगळं. एवढ्यावरून दोघांचं बोलणं तुटलं. धाकट्याला मुलगी झाली, तेही जाकदानला शेजाऱ्यांकडून कळलं. आतून जीव तुटत होता त्याचा, पण आधी फोन कोण करणार?

“तुम्ही एकदा निकाल द्या,” तो म्हणाला. “म्हणजे त्याचं तोंड बंद होईल.”

सेंगे उठले. पश्चिमेच्या भिंतीवरची पिशवी त्यांनी उतरवली. तिच्यात कुळाची दोरी असते. मुलगा जन्मला की तिला इवलंसं धनुष्य बांधायचं, मुलगी झाली की रंगीत चिंधी. अक्षर म्हणाल तर तिच्यावर एकही नाही.

“हे टोक धर.”

जाकदानने धरलं. दुसरं टोक घेऊन म्हातारबुवा तुरुतुरु अंगणात गेले, वाळुंजाच्या झाडाकडे. दोरी ताणली गेली. जाकदान दाराशी आला आणि जागीच थबकला.

झाडाखाली हाइलान उभा होता. शेजारी त्याची बायको, तिच्या कुशीत बाळ.

म्हाताऱ्यांनी बोलावून घेतलं होतं तर.

हाइलानने टोक झाडाला बांधलं. खिशातून लाल चिंधी काढली.

“दादा,” तो म्हणाला, “जरा ढील दे. गाठ बसत नाहीये.”

जाकदान पुढे सरकला.

“नाव काय ठेवलंस पोरीचं?”

“अजून नाही ठेवलं. तू सांगशील म्हणून थांबलोय.”

जाकदानने हुश्श केलं. किती दिवसांचं ओझं उतरलं म्हणून सांगू! डोळे पुसायचे होते, पण दोरी दोन्ही हातांत होती. तो तसाच रडला, तसाच हसला.

पण खोड कुठली जाते? जरा वेळाने तो म्हणालाच, “गुरुजी, ते पुस्तकात मात्र…”

“सांगतो की,” सेंगे म्हणाले. “आधी दोरी सोड.”

जाकदानने काही ती सोडली नाही.