धरणाच्या उतारावरला पिंपळ

“मग बुवा, मंत्र आज देणार का नाही?”

लिंबाजीनं हिरागीर बुवांना विचारलं. धरणाच्या पायथ्याला त्यांची झोपडी. लिंबाजी त्यांचा चेला. देवभोळा, पण ताठा फार.

बुवांनी त्याला म्हटलं होतं, कुणी न सांगता एक चांगलं काम कर, मग कानात मंत्र सांगतो. ह्या गड्यानं धरणाच्या उतारावर पिंपळ लावला. तीन उन्हाळे घागरीनं पाणी घातलं. तोच दाखवायला आज बुवांना वर घेऊन आला होता. बुवा पहार टेकत टेकत आले. पहार कशाला, हे त्यानं विचारलं नाही.

धुकं असं, की पाणी कुठं सरतं नि आभाळ कुठं लागतं कळेना. भोयांच्या होड्या ढगात तरंगत होत्या. दुसऱ्या अंगाला, पार खाली, गाव झोपेत. दिवे तेवढे लुकलुकत होते. ते दिवे ह्याच पाण्यावर, ऊस ह्याच पाण्यावर, घरातला नळही ह्याच पाण्यावर. पण धरणाची आठवण कोण काढतो?

पिंपळ छातीला लागत होता. वारा नसताना पानं हलत होती.

बुवांनी खोडाशी बोट रोवलं. “मुळं कुठं गेली रे?”

“आत, पाण्याकडं. झाडाला बरोबर कळतं.”

“पाण्यालाही कळतं...”

धरण मातीचं. मूळ वाढतं, एक दिवस कुजतं, मागं पोकळी राहते. त्या पोकळीतनं पाणी येतं आणि येताना धरण घेऊन येतं. एवढं आमच्या गुराख्यांनाही ठाऊक. पण पिंपळाला हात कोण लावणार?

बुवांनी पहार पुढं केली. “काढ.”

लिंबाजी मागं सरला. पिंपळ उपटला तर पिढ्यान्‌पिढ्या नरकात जातील, आणि हे गुरूनं सांगावं, असं बरंच बोलला. बुवांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हाताऱ्यानं झाडाला हात जोडले. पहार घातली. मूळ लांबच लांब निघालं, ओलं. झाड त्यांनी गवतावर ठेवलं, लेकरू निजवतात तसं.

खाली कुणाचा तरी कोंबडा आरवला...

लिंबाजी खड्ड्याकडं बघत राहिला. मंत्राचं तो विसरलाच. मग हळूच म्हणाला, “बुवा, हे पाप कुणाच्या माथी?”

“माझ्या. तू माती आण.”