रावबानं माणसं पारखली

एका गावात रावबा नावाचा एक भोळा बागाईतदार होता. भोळा हे गावचं म्हणणं. मला विचाराल तर तो निव्वळ ठोंब्या होता, पण दोन विहिरी आणि दहा एकर ऊस असला की ठोंब्यालाही लोक भोळा म्हणतात.

त्याची लेक हौसा. दोन वर्षं स्थळं बघून तिचं लग्न ठरलं होतं आणि नवरा तिला मनापासून आवडला होता. लग्नाला आठ दिवस उरले, तेव्हा तिची आई सगुणा अंगणात घसरली आणि पाय मोडून खाटेला खिळली. माणसं कामाला ठेवायचं रावबाकडे आलं. तिथंच घात झाला.

आधी म्हशीसाठी गडी हवा होता. दारात जो पहिला आला तो रावबानं ठेवला. म्हशीनं त्याला त्याच दिवशी लाथ घालून शेणात बसवलं.

सगुणा म्हणाली, "आवं, ठेवायच्या आधी माणसाला म्हशीपुढं उभा करायचा. म्हस बुजली तर नको म्हणायचं."

"समजलं," रावबा म्हणाला. त्याला सगळंच लगेच समजायचं, हीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी आचारी आला. हजार पानं उठवणारा, पंचक्रोशीत नावाजलेला. रावबानं त्याला गोठ्यात नेऊन म्हशीपुढं उभा केला. म्हैस बुजली.

"तुमी नको," रावबा म्हणाला.

"पंगतीला म्हशी बसणार हायेत का?" असं विचारून आचारी झारा खांद्यावर टाकून निघून गेला.

मग आणखी एक जण आला. त्याचा हात म्हशीनं चाटला, म्हणून तो आचारी ठरला. त्याची आमटी माणसांनी ओतून दिली. म्हशीनं मात्र घमेलं चाटूनपुसून लख्ख केलं. शेवटी भावकीतल्या बायकांनी चूल ताब्यात घेतली आणि लाडू वळले.

सगुणानं कपाळाला हात लावला. "ठेवायच्या आधी त्याच्या हातचं खाऊन बघायचं, आवं."

"समजलं."

आता मांडवाला राखणदार हवा होता. पलटणीतून निवृत्त झालेला एक ताठ हवालदार आला. रावबानं त्याला पिठलं करायला बसवलं. पिठल्यात गुठळ्या झाल्या.

"तुमच्यानं राखण व्हायची न्हाई," रावबानं सांगून टाकलं.

दुसऱ्याचं पिठलं असं झालं की रावबानं बोटं चाटली. तो राखणदार ठरला. दुपारी त्यानं पाटीभर लाडू खाल्ले आणि मांडवातच घोरत पडला. उरलेले लाडू कुत्र्यांनी संपवले.

सगुणा रडकुंडीला आली. "माणूस ह्याआधी कुठं हुता, किती ठिकाणी हुता, मागची लोकं काय म्हणत्यात, एवढं इचारल्याबिगर नव्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका."

"समजलं."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड वाजतगाजत आलं. नवरदेव उंबऱ्याशी पोचला, तोच रावबा आडवा उभा राहिला.

"ह्याआधी कुठं जावई हुतासा?"

नवरदेव गोंधळला. "कुठंच न्हाई, मामा."

"एका बी घरात न्हाई?"

"पहिलंच लगीन हाय त्याचं," नवरदेवाचा चुलता खवळून म्हणाला.

"मग नवखा हाय. आमाला नको."

वाजंत्री थांबली. वऱ्हाड तणतणत माघारी फिरलं. नवरदेव बिचारा वळून वळून माडीच्या खिडकीकडे बघत गेला. सुदैवानं हौसा अकलेनं आईवर गेली होती. ती शालू खोचून मागच्या दारानं निघाली आणि वऱ्हाडाच्या मागं धावत सुटली.

रावबाला त्याचा पत्ता नव्हता. तो वेशीपर्यंत जाऊन हसतमुखानं सगुणाच्या खाटेपाशी आला.

"नवरदेव कुठंय?" सगुणानं विचारलं.

"त्याला दिला घालवून. काळजी करू नगंस, येशीवर एक अनुभवी जावई गावला. तीन ठिकाणी जावई हुता. मागच्या लोकांचं बी इचारलं मी. तिन्ही सासरे काठ्या घेऊन त्याला अजून हुडकत्यात, इतका हवा हाय त्यास्नी."

मोडक्या पायानं सगुणा उठून उभी राहिली.