वेशीच्या दगडावर ओतलेली थैली

खूप जुन्या काळी, जेव्हा समुद्राकाठचं मीठ बैलगाड्यांतून घाटावरच्या राजधानीला जात असे, तेव्हा घाटाच्या पायथ्याशी गाडीवानांचं एक गाव होतं.

बाळांनो, आणि बाळांच्या आईवडिलांनो, त्या गावाची एक रीत होती. खेप करून परतलेला गाडीवान थेट घरी जात नसे. तो वेशीपाशी बैल सोडी. तिथल्या सपाट दगडावर त्याची बायको घोंगडी अंथरी, आणि तो कमरेची थैली त्या घोंगडीवर उपडी करी. चांदीची सोळा नाणी खणखणत पडत. ही एका खेपेची मजुरी, आणि एका खेपेला महिना लागे. नाणी बघायला सगळं गाव जमे. पोरं मोठ्याने मोजत, म्हातारे माना डोलवत, आणि गाडीवान मिशीवरून हात फिरवत उभा राही.

त्या दगडापाशी खर्चाचा शब्द काढायचा नाही, हीसुद्धा रीतच. गाडीचं रडगाणं वेशीवर गायलं तर चाक रुसतं, असं ते मानत. वाटेवर चारा, जकात, लोहार, सगळं गाडीवानाच्या शब्दावर उधार मिळे. ती उधारी वसूल करणारे दुसऱ्या दिवशी येत, आणि येत ते परसदारी. तिथे बघायला कुणी जमत नसे.

शेजारच्या गावात एक तरुण कुंभार राहत होता. वडिलांनी ठेवलेलं चाक, एक भट्टी आणि चिकणमातीचं एक वावर, एवढी त्याची दौलत. महिन्याला चार नाणी सुटत. पोट भरे, झोप स्वतःच्या अंथरुणावर लागे. त्याची थोरली बहीण गाडीवानांच्या गावात दिलेली होती. तिचा नवरा तिथला सगळ्यात नावाजलेला गाडीवान.

एकदा कुंभार बहिणीला घागर द्यायला आला, तो नेमका दाजी खेप करून परतले त्या दिवशी. त्याने दगडावरची सोळा नाणी पाहिली. मग स्वतःचे मातीने भरलेले हात पाहिले.

दाजी हसून म्हणाले, "काय मेहुणे, डोळे दिपले वाटतं?"

"दाजी, माझ्या चार महिन्यांची कमाई आहे ही. मला चाक आणि वावर विकून गाडी घ्यायची आहे. गिऱ्हाईक आजच उत्तर मागतंय. पण आधी खरं सांगा, यातलं हातात किती उरतं?"

दाजींच्या ओठांवर खरा आकडा आला होता. पण भोवती गाव उभं होतं. गाडीवानांचा नाईक बघत होता. पोरं बघत होती. दाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "समोर पडलंय ना सगळं? का खडे आहेत ते?"

गाव हसलं. कुंभारही हसला.

बहीण घोंगडी गुंडाळत म्हणाली, "आज मुक्कामाला राहा रे. उद्या जेवून जा."

"गिऱ्हाईक खोळंबलंय, आक्का," तो म्हणाला आणि निघाला. तो राहिला असता, तर दुसऱ्या दिवशी परसदारात काय होतं ते त्याला दिसलं असतं. पण तो राहिला नाही.

त्याने चाक विकलं, भट्टी विकली, वावर विकलं. गाडी घेतली आणि बैलांची जोडी घेतली. थोरला कोसा, धाकटा हरण्या.

पहिल्या खेपेत त्याला जग कळलं. बैल रोज खातात, गाडी चालो वा उभी राहो. नाक्यावर जकात. लोहाराकडून चाकाला लोखंडी धाव, वंगणाचं तेल. घाटाच्या उभ्या चढाला पायथ्याशी भाड्याची जादा जोडी जुंपावी लागे, तिची दोन नाणी. राजधानीच्या पेठेत व्यापारी म्हणाला, "थांब, गोदामात जागा नाही." कुंभार थांबला. थांबण्याची मजुरी नव्हती. बैलांचा चारा मात्र थांबला नव्हता.

शेवटी मीठ वजनकाट्यावर चढलं, आणि कमी भरलं.

"वाटेत विकलंस काय?" व्यापाऱ्याने विचारलं.

"शपथ घेतो, शेठ. मूठभरसुद्धा नाही."

"मग घट. दोन नाणी कापली."

मागे उभा असलेला एक म्हातारा गाडीवान हळूच म्हणाला, "समुद्राकाठी मीठ ओलं असतं, पोरा. घाटावर येईपर्यंत सुकतं. हलकं होतंच. त्यालाही ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक आहे."

कुंभार चौदा नाणी घेऊन परतला. दाजींच्या गावच्या वेशीपाशी नव्या गाडीवानाची थैली बघायला गाव जमलं होतं. चौदा ओतली तर लोक काय म्हणतील? त्याच्या कनवटीला भट्टी विकल्याच्या पैशातली दोन नाणी उरली होती. त्याने ती हळूच थैलीत सरकवली आणि थैली उपडी केली.

"सोळा!" पोरं ओरडली.

गर्दीतून त्याने दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान खाली घातली, आणि कुंभाराला एकदम कळलं, की या दगडावर आजवर खरी सोळा कुणीच ओतली नव्हती. त्याच क्षणी तो बोलू शकला असता. तो बोलला नाही. त्याच्या गावचे दोन तरुण पुढच्या रांगेत उभे होते. एक कोष्टी होता, एक माळी. ते नाण्यांकडे बघत होते, जसा तो एकदा बघत होता.

दुसऱ्या खेपेला, आधी घटीत गेलेली दोन नाणी कुठून तरी भरून काढायची होती. घाटाच्या पायथ्याशी तो थांबला नाही. भाड्याची जोडी त्याने घेतली नाही.

कोशाने मान वळवली. तो म्हणाला, "मालक, पुढची जोडी आज दिसत नाही."

"आज तुम्ही दोघंच. दोन नाणी वाचवायची आहेत."

"वाचली म्हणता?" कोसा म्हणाला. "ती आमच्या मानेवर ठेवलीत तुम्ही."

कुंभाराने ऐकलं. पण त्याच्या डोळ्यांपुढे दगड होता, आणि दगडाभोवती गाव होतं. त्याने चाबूक उचलला.

अर्धा चढ दोघांनी ओढला. पुढच्या वळणावर कोशाचा पाय सरकला. तो गुडघ्यावर आला आणि जूसकट खाली बसला. हरण्या एकटा मागे ओढला गेला. कुंभाराने चाकाखाली दगड लोटला, पण गाडी दगडावरून गेली आणि कड्यावरून उलटली. जोत तुटलं म्हणून हरण्या वाचला. मिठाची पोती फुटून दरीत पांढरी रेघ उमटली. कोसा वाटेवरच पडून होता. कुंभाराने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कोसा पुन्हा काही बोलला नाही.

व्यापाऱ्याने मिठाची किंमत मागितली. त्यापायी हरण्या विकला गेला.

कुंभार आपल्या गावी परतला आणि ज्याने त्याचं चाक घेतलं होतं, त्याच्याकडे मजुरीला लागला. त्याच चाकावर, त्याच मातीत तो आता दुसऱ्याची मडकी करतो. तिथेच एके दिवशी दाजी आले.

"त्या दिवशी मी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

कुंभाराने चाक थांबवलं नाही. "सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं की नाही, ठाऊक नाही. पण मी विचारलं होतं, दाजी."

दाजी तसेच माघारी वळले.

पुढची खेप करून ते परतले, तेव्हा त्यांनी दगडावर चौदा नाणी ओतली. पोरांनी मोजली, पुन्हा मोजली. "दोन मिठाच्या घटीत गेली," दाजी म्हणाले. "दर खेपेला जातात. आजवर मी घरची दोन मिसळत आलो."

नाईक पुढे झाला. "चाक रुसेल, गड्या. थांब."

"रुसू दे. बैल मेला त्यापेक्षा काय वाईट होईल?"

आणि त्यांनी नाणी वेगळी करायला सुरुवात केली. "ही चार चाऱ्याची आणि पेंडीची. ही दोन जकातीची. दोन घाटातल्या जोडीची. एक लोहाराची आणि तेलाची. राहिली पाच. माझे बैल म्हातारे होतील तेव्हा नवे लागतील, त्यासाठी हे एक." मग उरलेली नाणी त्यांनी तळहातावर घेतली. त्यांच्या रुंद हातावर ती फारच थोडी दिसत होती. "चार. बायकोपोरांपासून महिनाभर लांब राहून चार. माझ्या मेहुण्याला त्याची भट्टी घरबसल्या एवढंच देत होती."

कुणी हसलं नाही. दाजींची बायको घोंगडीचं टोक धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. परसदार तिने इतकी वर्षं एकटीने सांभाळलं होतं.

तेवढ्यात वेशीबाहेर घुंगरं वाजली. दोन नव्याकोऱ्या गाड्या पहिल्या खेपेला निघाल्या होत्या. एक कोष्ट्याची, एक माळ्याची. माग विकला गेला होता, मळा विकला गेला होता. दाजी त्यांच्यामागे धावले, पण विकलेलं परत आणून देईल असं त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. होती फक्त खरी गोष्ट, आणि ती सांगायची वेळ निघून गेली होती.

एवढं लक्षात ठेवा: कमाई चारचौघांत मिरवायची आणि खर्च परसदारी लपवायचा, हे खोटं बोलणं नसलं, तरी विश्वासाने विचारणाऱ्याचं घर त्यानेच बुडतं.