ओली बाजू

त्या राज्यात सगळी मडकी एकमेकांच्या डोक्यावर उभी होती. सर्वांत खाली रांजण, त्याच्यावर डेरा, मग थोरली मडकी, तिच्याहून बोटभर लहान धाकटी, आणि वर जेमतेम जीव असलेलं बोळकं. सगळी पाण्यानं भरलेली. या रचनेला तिथं जाच म्हणत नसत, उतरंड म्हणत.

एके दिवशी हुकूम निघाला : जे पाझरेल, ते काढावं. उंचीचा क्रम मात्र मोडू नये.

तपासणीला एक कोरडं फडकं नेमलं गेलं. त्याची रीत ठरलेली. भिंतीवर जागांच्या रेघा होत्या. खालच्या रेघेपासून एकेक जागा पुसत वर जायचं. पुसली ती जागा संपली, मागं वळायचं नाही.

"एका मातीच्या, एका भट्टीतल्या आपण," धाकटी कुजबुजली. "ताई, नेतील तर दोघींना बरोबरच ना गं?"

"मग काय! तू माझ्याहून जास्त गळतेस."

"गप्प बसा," खालून डेरा म्हणाला. "ओलावा म्हणे! आम्ही नाही का पाणी धरून उभे?"

फडक्यानं रांजण पुसला : कोरडा. डेरा : कोरडा. थोरलीला पुसताच ते ओलं झालं. छताच्या शिंक्यानं धाकटीला आणि बोळक्याला अलगद उचललं, थोरलीला भिंतीपलीकडे नेलं गेलं, वरची दोघं एकेक जागा खाली उतरली. फडकं एक रेघ वर सरकलं आणि बोळकं पुसू लागलं.

"अहो, मी राहिले!" धाकटी म्हणाली. "मला पुसा की."

"ही जागा पुसून झाली."

"ती ताईची होती!"

"जागा जागेची असते, बाई." फडकं स्वतः चिंब होतं, पण हुकूम मडक्यांसाठी होता.

"मग मला वर तरी जाऊ द्या."

"बोळक्याच्या डोक्यावर? क्रम कळतो ना तुला?"

उतरंडीत कुठं फट दिसेना. बघणाऱ्याला वाटावं, इथं कधी कुणी नव्हतंच. "सुटलीस की गं," डेरा म्हणाला. धाकटीच्या बुडाला आता डेऱ्याचा कोरडा काठ टोचत होता.

भर दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला. कुणीतरी घटाघटा प्यायलं आणि म्हणालं, "वा, काय गार पाणी!" धाकटीनं ताईचा तो गारवा ओळखला. ती नखशिखान्त पाझरली.

ओघळ डेऱ्याच्या पोटावरून उतरला, तिथून रांजणाच्या. दोघंही उन्हानं तापलेले, पोटातलं पाणी कोमट झालेलं. ओल लागली तसं ते गार होऊ लागलं, आणि कुणी हललं नाही.

संध्याकाळी नव्या फेरीला निघालेल्या फडक्याची चाहूल लागली, तेव्हा डेऱ्यानं आणि रांजणानं आपापली ओली बाजू हळूच भिंतीकडे वळवली.