आमटीची अट

“पौर्णिमेपर्यंत पाठशाळेतल्या सगळ्या पोरांचं एकमत झालं पाहिजे, नाहीतर शाळेला टाळं!” सोनगिरीच्या रणधवल राजाने फर्मान काढलं आणि नरहरगुरुजींचं धाबं दणाणलं.

भांडण होतं डोंगरावरच्या कुरणांचं. शेजारच्या राजाने ती बळकावली होती. निम्मी पोरं म्हणत, लढाई करा. निम्मी म्हणत, तह करा. पाट्या फुटल्या, शेंड्या उपटल्या गेल्या. दरबारातही याहून वेगळं काही चालत नव्हतं, पण दरबाराला टाळं कोण लावणार?

शाळेचा स्वयंपाक गोजराबाई करायची. वीस वर्षं तिने तिथल्या पोरांना वाढलेलं. शाळा बंद होणार म्हटल्यावर तिला रडूच कोसळलं. मग पदराने डोळे पुसून तिने पळी उचलली.

“आजपासून लढाईवाल्यासमोर तहवाला बसेल. समोरच्याचं म्हणणं काय, ते सांगायचं. तो ‘हो, हेच’ म्हणाला, तरच आमटी.”

“याचं म्हणणं म्हणजे हा भित्रा आहे,” एकजण म्हणाला.

“खा मग कोरडा भात,” गोजरा म्हणाली.

पहिल्या दिवशी सगळ्यांनीच कोरडा भात गिळला. आठवडाभरात मात्र आमटीचं पातेलं रिकामं होऊ लागलं.

पौर्णिमेला राजा प्रधानांना घेऊन आला. “बोला, लढाई की तह?”

“लढाई,” निम्मी म्हणाली. “तह,” उरलेली म्हणाली. कुणी कुणाच्या शेंडीला हात लावला नाही, हे राजाच्या ध्यानातच आलं नाही.

“याला एकमत म्हणतात?” तो कडाडला.

“आधी जेवून घ्या महाराज,” गोजरा म्हणाली. तिने लढाईवाल्या राजासमोर तहवाल्या प्रधानांचं पान मांडलं आणि अट सांगितली.

“त्यात काय! प्रधानजींना लढाईची धास्ती वाटते,” राजा म्हणाला.

“नाही महाराज,” प्रधान म्हणाले.

“मग खजिना जपायचा असेल.”

“तेही नाही.”

राजाने आणखी तीनदा सांगून पाहिलं. भात गार झाला.

“बारा वर्षं हे रोज माझ्या कानाशी बोलताहेत, आणि मला एक वाक्य सांगता येईना,” तो वैतागला. “वाढ गं बाई, भूक आवरत नाही.”

“मी कोण ठरवणारी? पोरांनाच विचारते.” गोजराने पळी उंच धरली. “लढाईवाले, तहवाले, सगळे ऐका. महाराजांना आमटी वाढू का?”

“नाही!” अख्खी शाळा एका सुरात म्हणाली.

“घ्या महाराज, झालं एकमत. पौर्णिमाही आजचीच.”

राजा असा हसत सुटला की पाटावरून कलंडलाच! शाळा चालू ठेवायचा हुकूम त्याने तिथल्या तिथे दिला, हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं आणि प्रधानांकडे वळून मांडी नीट घातली.

“बोला प्रधानजी, अगदी पहिल्यापासून बोला. पोटात कावळे ओरडताहेत.”