डिस्कमावशीने काय साठवलं

संगणकांच्या वयाने मोजलं तर ही फार जुनी गोष्ट. एका छापखान्यातल्या संगणकात रॅम आणि हार्ड डिस्क शेजारीशेजारी राहत. रॅममध्ये दोन जीबी मावायचं, डिस्कमध्ये पाचशे. पण रॅम भारी चपळ.

एके दिवशी छापखान्यात टायपिंग करणाऱ्या इंदुमतीताई लग्नपत्रिका टाईप करत होत्या. एकेक नाव झालं की लगेच सेव्ह करत होत्या. एखाद्या मामाचं नाव राहिलं तर मांडवात रुसवा ठरलेला!

"दर नावाला हिच्याकडे कशाला पाठवायचं?" रॅम फणकारली. "मावशी, एक पान काढायचं तर किती घरघरतेस!"

डिस्क घरघरली. आलेलं नाव तिने जपून ठेवलं.

चाळिसावं नाव सेव्ह झालं आणि वीज गेली. रॅम क्षणात रिकामी झाली. वीज आल्यावर ती बावरून म्हणाली, "मी काय करत होते?"

"पत्रिका. वीज गेली की तू सगळं विसरतेस," डिस्क म्हणाली आणि तिने चाळीसच्या चाळीस नावं तिला परत दिली.

"सगळी आहेत गं बाई!" इंदुमतीताईंनी संगणकाला हात जोडले.

रॅमला भरून आलं. "मावशी, तुझे उपकारही मी विसरेन. तूच ते लिहून ठेव आणि रोज सकाळी मला वाचायला दे."

तेव्हापासून रॅम रोज नव्याने आभार मानते. एकदा तिने विचारलं, "मी तुला कधी लागेल असं बोलले होते का गं?"

डिस्क बराच वेळ घरघरली. मग म्हणाली, "पाचशे जीबी शोधलं बाई. तसं काही सापडत नाही."