भारी स्पीकरची वायर

मिरजेच्या मुमताजबी चाळीस वर्षं तंबोरे दुरुस्त करतात. हल्ली परगावचे गायक बिघडलेल्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग पाठवतात, ते नीट ऐकू यावं म्हणून त्या कॉम्प्युटरचे स्पीकर घ्यायला शेट्याच्या शोरूममध्ये गेल्या. अठराशेची जोडी त्यांना पटली.

शेटे चार गिऱ्हाइकांदेखत हसला. "मावशी, स्वस्तात नुसता आवाज येतो. सूर हवा तर ही बारा हजारांची घ्या. अर्थात, सूर कळायला कान लागतात."

कान लागतात म्हणे. आणि हे सांगतोय कुणाला, तर मुमताजबींना.

त्या संतापल्या, पण शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्हीच पारखा, साहेब. पाठ फिरवून उभे राहा. मी माझ्या मोबाइलमधलं तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग स्पीकरवर दोनदा लावते, भारी जोडी कुठली ते सांगा."

तंबोरा एकदा वाजला, मग पुन्हा वाजला.

"दुसरी," शेटे डोलत म्हणाला. "काय खोली आहे आवाजाला. पहिली म्हणजे नुसता डबा."

"आता वळा."

शेटे वळला. दोन्ही वेळा अठराशेचीच जोडी वाजली होती. भारी जोडीची उपटलेली वायर मुमताजबींच्या हातात लोंबत होती.

"मला स्वस्तातलीच बांधून द्या," त्या म्हणाल्या. "भारी तुम्हालाच राहू दे. तुम्हाला ती वायर न लावताही ऐकू येते."